सुन वूकोंगच्या डोक्यावरचं कडं: मुलाला आधी कोणता सिनेमा दाखवू?

शेवंती

नमस्कार मंडळी. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत मामेभावाकडे त्याने 'ब्लॅक मिथ: वूकोंग' हा सुन वूकोंग या माकडराजावरचा चिनी गेम खेळताना पाहिला आणि तेव्हापासून घरातली काठी, छत्री, केरसुणीचा दांडा, सगळं त्याच्या खांद्यावर आडवं असतं. सासूबाई म्हणाल्या, "अरे, हा तर आपला मारुतीच!" त्यावर तो म्हणतो, "आजी, मारुतीच्या डोक्याला कडं कुठे असतं?"

मग आम्ही दोघांनी शांघायच्या स्टुडिओत बनलेला जुना रंगीत कार्टून सिनेमा पाहिला, 'स्वर्गात धुमाकूळ' अशा अर्थाच्या नावाचा. चित्रं इतकी देखणी की मीच हातातलं काम टाकून बसले. पण त्यात कडं नाहीच! शेवटी माकडराजा स्वर्गाचा महाल मोडतो आणि आपल्या डोंगरावर आनंदाने परत जातो. मुलगा म्हणाला, "मग कडं घातलं कुणी? आणि ते निघतं कधी?"

मला एवढंच ठाऊक आहे की तो एका भिक्षूबरोबर भारतात ग्रंथ आणायला येतो. कडं का घातलं, कधी निघालं, आणि ते नीट कळेल असा कोणता सिनेमा किंवा मालिका मुलाला दाखवावी? जाणकारांनी सांगावं.

गोष्टीवेल्हाळ

शेवंतीताई, तुम्ही पाहिलात तो सिनेमा वान लाइमिंग यांचा. पहिला भाग १९६१ चा, दुसरा १९६४ चा. तो 'पश्चिमेचा प्रवास' या मूळ चिनी कादंबरीच्या पहिल्या सात प्रकरणांवर आहे आणि कादंबरी आहे शंभर प्रकरणांची. म्हणजे खरी गोष्ट पुढेच आहे.

मुलाला सांगायला सोपं जावं म्हणून थोडक्यात लिहितो. फुलाफळांच्या डोंगरावर एक शिळा असते. ती उकलते, त्यातून दगडी अंडं निघतं आणि अंड्यातून माकड. ते धबधब्याच्या पडद्यामागची गुहा शोधून काढतं, म्हणून बाकीची माकडं त्याला राजा करतात. पुढे मरणाची भीती वाटू लागते, तसा तो गुरू शोधत निघतो. गुरूचं नाव सुबोधी, आणि हे नाव बुद्धाच्या सुभूती नावाच्या शिष्यावरून आलेलं आहे. गुरू त्याला बहात्तर रूपं घ्यायला शिकवतात, आणि एका कोलांटीत एक लाख आठ हजार ली (म्हणजे चिनी कोस) पार करायला. मग तो पूर्व समुद्राच्या नागराजाकडून लोखंडी दंड आणतो, वजन तेरा हजार पाचशे चिनी शेर. हवा तेव्हा सुईएवढा करून कानात ठेवायचा.

स्वर्गात त्याला तबेल्यावर नेमतात. पद बिनमहत्त्वाचं आहे हे कळल्यावर तो चिडून निघून जातो आणि स्वतःला 'स्वर्गाच्या बरोबरीचा महर्षी' म्हणवतो. मग त्याला अमृतपीचांची बाग राखायला देतात आणि तो पिकलेली फळं स्वतःच फस्त करतो.

मला सगळ्यात आवडणारा प्रसंग म्हणजे अर्लांग या देवाशी झालेली रूपांची लढाई. हा चिमणी, तर तो ससाणा. हा मासा, तर तो मासे धरणारा पक्षी. शेवटी वूकोंग देऊळ होतो: तोंडाचं दार, दातांची कवाडं, जिभेची मूर्ती, डोळ्यांच्या खिडक्या. शेपटीचं काय करायचं ते सुचत नाही, म्हणून तिचा ध्वजस्तंभ करून देवळामागे उभा करतो. अर्लांग हसतो: देवळामागे ध्वजस्तंभ असलेलं देऊळ मी आयुष्यात पाहिलं नाही! ही जागा मुलाला जरूर सांगा.

पिंपळपान

आणि मग बुद्धाचा तळहात! पैज अशी की या तळहाताबाहेर उडी मारून दाखव. वूकोंग उडतो, उडतो, आकाशाच्या टोकाला पाच खांब दिसतात. खूण म्हणून मधल्या खांबावर लिहितो 'महर्षी इथे येऊन गेला' आणि पहिल्या खांबाच्या बुडाशी चक्क लघवी करतो. परत येऊन बघतो तर बुद्धाच्या मधल्या बोटावर तीच अक्षरं, आणि अंगठ्याच्या बेचक्यात वास. तोच हात उलटा होऊन पंचतत्त्वांचा डोंगर होतो आणि त्याखाली वूकोंग पाचशे वर्षं अडकतो.

माझी मुलं या गोष्टीवर अजून लोळून हसतात.

रानमेवा

सासूबाई म्हणतात ते अगदी चूक नाही हो. मारुतीही लहानपणी सूर्य गिळायला धावला होता, आणि इंद्राने वज्र मारलं. अगडबंब होणं, माशीएवढं होणं, उडणं, सगळं सारखंच.

कोरा_कागद

रानमेवा, या प्रश्नावर चीनमध्येच शंभर वर्षं वाद चालला आहे. हू शर या पंडिताने १९२३ साली मांडलं की या माकडाचं मूळ हनुमानात आहे. लेखक लू शुन यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते हा चीनच्याच ह्वाय नदीतला वूझरची नावाचा माकडासारखा जलदैत्य, ज्याला साखळदंड घालून डोंगराखाली डांबलं होतं. पुढे जी शियानलिन यांनी अख्खं वाल्मीकी रामायण संस्कृतातून चिनीत उतरवलं. ते हनुमानाच्या बाजूचे. त्यांना भारत सरकारने २००८ मध्ये पद्मभूषण दिलं.

माझं मत विचाराल तर दोन्ही खरं असावं. फुजियान प्रांतातल्या च्वानजोऊ शहरात कायुआन मंदिराच्या पश्चिम स्तूपावर माकडतोंड्या योद्ध्याचं शिल्प आहे, १२३७ च्या सुमाराचं. म्हणजे कादंबरी छापली गेली त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचं. आणि च्वानजोऊ हे बंदर, तिथे दक्षिण भारतातले व्यापारी राहत, त्यांच्या हिंदू देवळांचे कोरीव दगड आजही तिथे सापडतात. गोष्टी जहाजांतून जातात.

पण स्वभाव मात्र फार वेगळा. मारुती रामाचा दास. वूकोंग कुणाचाच दास नाही. म्हणून तर कड्याची गरज पडली.

शेवंती

कोरा_कागद, शेवटचं वाक्य वाचून मुलगा म्हणतो, "म्हणजे कडं हे शिक्षा म्हणून?"

नागपूरकर_भन्ते_नव्हे

शिक्षा म्हणण्याआधी चौदावं प्रकरण ऐका, ताई.

भिक्षू त्रिपिटक (चिनीत तांग सानझांग) वूकोंगला डोंगराखालून सोडवतो. दोघं निघतात. वाटेत सहा दरोडेखोर अडवतात. त्यांची नावं अशी: डोळा-पाहून-हर्षतो, कान-ऐकून-रागावतो, नाक-हुंगून-लोभतो, जीभ-चाखून-झुरते, मन-कल्पून-हव्यासतं आणि देह-मुळात-दुःखी. म्हणजे आपली सहा इंद्रियं! वूकोंग सहाही जणांना एका दमात मारून टाकतो. भिक्षू हादरतो, "अरे, पळवून लावायचं, जीव कशाला घेतलास?" वूकोंगला बोलणं सहन होत नाही, तो कोलांटी मारून निघून जातो.

जातो कुठे? नागराजाकडे, चहा प्यायला. तिथे भिंतीवर एक चित्र असतं. पुलावर एक म्हातारा बसला आहे, त्याने मुद्दाम चप्पल खाली पाडली आहे आणि झांग लियांग नावाचा तरुण ती उचलून आणून गुडघे टेकून त्याच्या पायात घालतो आहे. एकदा नाही, तीनदा. म्हाताऱ्याने खूश होऊन त्याला युद्धविद्येचा ग्रंथ दिला, आणि तो पुढे हान घराण्याचा मोठा मुत्सद्दी झाला. नागराजा एवढंच म्हणतो, की भिक्षूची सेवा केली नाहीस तर शेवटी तू एक राक्षसच राहशील. वूकोंग बराच वेळ गप्प बसतो आणि परत फिरतो.

म्हणजे तो *कडं घालण्याआधीच* परत आला होता! तोवर इकडे ग्वानयिनने (आपल्या अवलोकितेश्वराचं चिनी रूप) भिक्षूला नक्षीदार टोपी आणि मंत्र दिलेला असतो. वूकोंग टोपी पाहून हरखतो, "ही मी घालू?" असं म्हणून स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवतो. भिक्षू मंत्र म्हणतो, कडं आवळतं, माकड लोळण घेतं. टोपी फाडून काढतो, पण आतलं सोन्याचं कडं जणू मुळं फुटल्यासारखं कवटीत रुतलेलं.

मी लहानपणी विहारात अष्टशील घ्यायचो. शील स्वतः घ्यावं लागतं, कुणी डोक्यात ठोकून देत नाही. म्हणून हा प्रसंग वाचताना दर वेळी मला गलबलून येतं.

चिमणी_पुण्याची

नागपूरकर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. त्याला फसवून घातलं. तो परत आला होता ना, मग कड्याची गरज काय होती? आणि पुढे पांढऱ्या हाडांच्या राक्षसिणीच्या प्रसंगात (सत्ताविसावं प्रकरण) ती तीन वेळा रूप बदलून येते. आधी तरुण मुलगी, मग तिची म्हातारी आई, मग म्हातारा बाप. वूकोंगला खरं रूप दिसतं, तो तिन्ही वेळा वार करतो. गुरुजींना मात्र साधी माणसं मेल्याचं दिसतं, ते मंत्र म्हणम्हणून त्याचं डोकं आवळतात आणि शेवटी हाकलून देतात. जाताना तो तीन प्रतिरूपं उभी करतो, चारी बाजूंनी गुरूला वेढतो आणि नमस्कार करतो, कारण गुरू नमस्कार घ्यायला तोंड फिरवून बसलेला असतो. चौघांपैकी एकाचा तरी घ्यावाच लागतो!

मी शाळेत शिकवते. जे मूल खरं बोलतं त्याचंच डोकं आवळायचं, हे मला कधी पटणार नाही.

गोष्टीवेल्हाळ

चिमणीताई, त्यात आग लावणारा भिक्षूचा दुसरा शिष्य, डुक्करतोंड्या, होता हे विसरू नका. तोच गुरूच्या कानाशी लागला.

गोकूवेडा

मी लहान असताना कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल बघायचो. अनेक वर्षांनी कळलं की 'सोन गोकू' म्हणजे 'सुन वूकोंग' याच चिन्हांचा जपानी उच्चार! अकिरा तोरियामा यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ती मालिका. शेपूट, लांब होणारी काठी, ढगावर बसणं, सगळं तिथूनच. गोकूला कडं नाही, पण शेपूट आणि पौर्णिमेचा चंद्र आहे. चंद्र पाहिला की तो स्वतःला विसरून प्रचंड वानर होतो. ताकद आवरायची कशी हा प्रश्न तिथेही आहेच.

रानमेवा

गोकूवेडा, हे मस्त सांगितलंस. त्यावरून मला सुचलं: मारुतीलाही एक कडं आहेच की! लहानपणी तो ऋषींच्या आश्रमात उच्छाद मांडतो, यज्ञाची भांडी फोडतो, वल्कलं फाडतो. तेव्हा ऋषी शाप देतात की तुला तुझ्या बळाचा विसर पडेल, कुणी आठवण करून दिली तरच आठवेल. म्हणून समुद्रकिनारी सगळे वानर बसलेले असतात आणि जांबवान त्याला जागं करतो. विस्मरण हेच त्याचं कडं. शेवंतीताई, हे सासूबाईंना सांगा, दोघांचं भांडण मिटेल.

शेवंती

सांगितलं! सासूबाई लगेच म्हणाल्या, "आणि ते रामकार्य आलं तेव्हाच सुटलं."

समुद्रपार

मी सिंगापुरात राहते. तियोंग बाहरू भागात वूकोंगचं देऊळ आहे, छी थियन कोंग, १९२० पासूनचं. 'स्वर्गाच्या बरोबरीचा महर्षी' हीच देवळातली पदवी. आत एक नाही, अनेक मूर्ती आहेत, लहानमोठ्या, पिवळी रेशमी वस्त्रं घातलेल्या. आठव्या चांद्रमासाच्या सोळाव्या तिथीला त्याचा उत्सव असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक आजी लहान नातवाला मूर्तीपुढे उभं करून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. द्वाड मूल असेल तर त्याला या देवाच्या पदरात घालतात म्हणे. समोर संत्री, केळी, शेंगा, उदबत्त्या. माझ्या पायातली चप्पल आपोआप बाहेर राहिली. आमच्या गावच्या मारुतीला शेंदूर, इथे रेशीम, एवढाच फरक वाटला.

नालंदा_ते_नाशिक

इथे कुणी मूळ प्रवाशाबद्दल बोलत नाहीये, म्हणून लिहितो. त्रिपिटक भिक्षू काल्पनिक नाही. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना ह्युएन त्संग म्हणून वाचलं तेच हे! इ.स. ६२९ च्या सुमारास ते परवानगी नसताना चीनबाहेर पडले, वाळवंट ओलांडलं, नालंदेला शीलभद्रांकडे शिकले आणि ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून छांगआन या राजधानीला परतले. त्यांच्याबरोबर ना माकड होतं ना डुक्कर.

आणि ते आपल्याकडेही आले होते, बदामीचा दुसरा पुलकेशी राज्य करत असताना. महाराष्ट्राला त्यांनी 'मो-हो-ल-छा' लिहिलं आहे. इथली माणसं उंच, साधी, स्वाभिमानी. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. आणि सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला कळवून मगच शस्त्र उचलतात. युद्धाआधी हत्तींना दारू पाजतात. हर्षवर्धनाने सगळं जिंकलं, पण हे लोक त्याला वश झाले नाहीत. पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णनही आहे, त्याच्या दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती. बहुतेक अभ्यासक ते अजिंठा मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती मी स्वतः हात लावून पाहिले आहेत, एकाची सोंड झिजून गुळगुळीत झाली आहे. त्यांना हात लावताना मनात आलं, की वूकोंगच्या गुरूची सावली इथे पडली असेल.

आता कळतं, की 'पश्चिमेचा प्रवास' म्हणजे चिन्यांच्या दृष्टीने पश्चिम. आपल्याकडे येणारा प्रवास!

गोकूवेडा

अंगावर काटा आला. शाळेत हे नाव पाठ केलं होतं, पण हाच तो हे कुणी सांगितलंच नाही.

झांज_आणि_मृदंग

मी कुडाळचा, दशावतारात काम करतो, म्हणून नटाच्या बाजूने दोन शब्द. शेवंतीताई, मुलाला १९८६ पासून दाखवलेली चिनी मालिका दाखवा. पंचवीस भाग. दिग्दर्शक यांग जिए, बाई. चित्रीकरण १९८२ ते १९८८ असं चाललं, बहुतेक सगळं एकाच कॅमेऱ्यावर, आणि तो कॅमेरा चालवत होते त्यांचे पती. मधेच पैसे संपले, तेव्हा रेल्वे बांधणाऱ्या एका सरकारी खात्याने तीस लाख युआन दिले म्हणून काम पुरं झालं. भिक्षूची भूमिका तर तीन नटांनी केली, कारण इतकी वर्षं कोण थांबणार?

पण वूकोंग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, झांग जिनलाई. त्याचं रंगभूमीवरचं नाव 'लियू शियाव लिंग थोंग'. चार पिढ्या माकडाची सोंगं करणारं घराणं. बापाचं १९६० चं पांढऱ्या हाडांच्या राक्षसिणीचं नाटक सिनेमारूपात आलं होतं. खरं म्हणजे घराण्याचा वारसा मोठ्या भावाकडे जायचा होता. तो रक्ताच्या कर्करोगाने १९६६ मध्ये गेला, अवघा सोळा वर्षांचा. जाताना धाकट्याला म्हणाला, की तू माकडराजा झालास की तुला मी दिसेन. असं झांग स्वतः सांगत आला आहे.

आता नटाची गोष्ट ऐका. माणसाला लांबचं नीट दिसत नव्हतं, जाड चष्मा. माकडाचे डोळे मात्र ठिणगीसारखे हवेत, कारण कथेत अग्नीच्या भट्टीतून ते 'अग्निनेत्र' झालेले असतात. मग तो पहाटे सूर्य उगवताना बघत बसायचा, रात्री अंधाऱ्या खोलीत उदबत्तीच्या टोकाकडे टक लावायचा आणि टेबल टेनिसच्या सामन्याला जाऊन मान न हलवता नुसत्या बुबुळांनी चेंडूचा पाठलाग करायचा. माझे गुरू मला म्हणत, "तोंडान नको, डोळ्यांनी बोल." त्या मालिकेत तो कपाळावर हात आडवा धरून लांब बघतो, तेव्हा हात नाही, बुबुळं बघा. एका बाजूला झटकन जातात, थांबतात, अर्धी पापणी लवते. रंगाच्या थराखालून हे दाखवणं किती अवघड आहे ते आम्हालाच ठाऊक.

तंत्र जुनं आहे. स्वर्गातले ढग म्हणजे सुक्या बर्फाचा धूर. मुलं हसतील. हसू देत, दुसऱ्या भागानंतर गप्प बसतील.

पिंपळपान

सुरुवातीच्या गाण्यात भिक्षू आणि त्याचे तिघे शिष्य धबधब्याच्या माथ्यावरून पाण्यातून चालत जातात ना, ते चीनमधलं जिउझायगोऊ खोरं! निसरड्या खडकावर घोडा घेऊन चालणारे ते नट खरे. मी दर वेळी श्वास रोखून बघतो.

चिमणी_पुण्याची

झांजदादा, फार सुंदर लिहिलंत. मालिका मी शोधून बघते.

पण मुलांना आजकालचे सिनेमे दाखवताना एक सांगते. २०१३ चा स्टीफन चाऊंचा 'कॉन्करिंग द डीमन्स' विनोदी म्हणून मी आठ वर्षांच्या भाचीला लावून दिला. सुरुवातीलाच पाण्यातला मासा-राक्षस एका बापाला खातो आणि पुढे त्याच्या लहान मुलीलाही. भाची रात्रभर झोपली नाही. मोठ्यांसाठी चांगला सिनेमा आहे, पण अकरा वर्षांच्या मुलाला आधी तुम्ही बघूनच दाखवा.

अबोली_१९

मी महाविद्यालयात आहे. स्टीफन चाऊंचे त्याआधीचे १९९५ चे दोन भाग, 'अ चायनीज ओडिसी', माझ्या मैत्रिणींमध्ये फार आवडते आहेत. प्रदर्शित झाले तेव्हा चीनमध्ये कुणी विचारलं नाही, काही वर्षांनी विद्यापीठांतल्या मुलांनी डोक्यावर घेतले. कड्याबद्दल बोलताय म्हणून सांगते: तिथे नायक वूकोंगचा पुनर्जन्म आहे, एक साधा दरोडेखोर. प्रिय माणसाला वाचवायची ताकद हवी असेल तर कडं घालावं लागणार, आणि घातलं की प्रेम सोडावं लागणार. तो *स्वतः* घालतो. शेवटी त्याची प्रेयसी त्याच्या हातात असते आणि तिच्यावर प्रेम आहे म्हणून कडं आवळत जातं. त्याला हात सोडावा लागतो. मी तो प्रसंग एकटीच बघते.

गोकूवेडा

अबोली, गेममध्येही तेच आहे! (ज्यांना शेवट कळायला नको त्यांनी पुढचं वाचू नका.) 'ब्लॅक मिथ' २० ऑगस्ट २०२४ ला आला, हांगजोऊच्या एका छोट्या कंपनीचा, तीन दिवसांत एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. त्यात आपण वूकोंग नसतो. वूकोंग सुरुवातीलाच पडतो. आपण त्याच्या मागून आलेलं माकड, त्याचे अवशेष गोळा करणारं. साध्या शेवटात एक म्हातारं माकड आपल्या डोक्यावर कडं चढवतं. पण सगळं शोधून अर्लांगला हरवलं तर दुसरा शेवट मिळतो आणि कडं चढत नाही. शेवंतीताईंच्या मुलाने बहुधा पहिला शेवट पाहिला असेल.

त्यातल्या पुष्कळ मूर्ती आणि देवळं शान्शी प्रांतातल्या खऱ्या जुन्या देवळांवरून मोजून घेतलेली आहेत. आता लोक ती देवळं बघायला जातात.

शेवंती

हो, पहिलाच शेवट पाहिला होता! म्हणूनच तो इतका अस्वस्थ होता.

समुद्रपार

लहान मुलांसाठी २०१५ चा 'मंकी किंग: हीरो इज बॅक' सुचवते. वूकोंगची शक्ती मनगटातल्या बेडीत अडकलेली असते, आणि एक छोटा बडबड्या बालभिक्षू त्याचा पिच्छा सोडत नाही. त्या वेळचा चीनचा सगळ्यात जास्त कमाई करणारा अॅनिमेशन सिनेमा तो. आमच्या इमारतीतल्या चिनी मुलांना संवाद पाठ आहेत.

जपानची १९७८ ची मालिकाही गंमतशीर. तिथे भिक्षूचं काम नात्सुमे मासाको या अभिनेत्रीने केलं आणि इतकं शांत केलं की पुढे जपानमध्ये त्या भूमिकेत बाईच घ्यायची रीत पडली. बिचारी सत्ताविसाव्या वर्षी गेली.

रानमेवा

डुकरोबाबद्दल कुणी बोललंच नाही! झू बाजिए. 'बा' म्हणजे आठ, 'जिए' म्हणजे वर्ज्य. भिक्षू त्याला विचारतो तेव्हा तो सांगतो, मी पाच उग्र वासाच्या भाज्या आणि तीन प्रकारचं मांस सोडलंय. लसूण वगैरे सगळं त्यात आलं. आमच्या आईचा चातुर्मास आठवला. आणि तरी बाजिए सगळ्यात खादाड. नऊ दात्यांचं दताळं हे त्याचं हत्यार, शेतकऱ्याचं. मला तो फार जवळचा वाटतो.

कोरा_कागद

आणि त्याच्या मानाने वूकोंग या नावाचा अर्थ बघा: वू म्हणजे उमगणं, कोंग म्हणजे शून्य. शून्य उमगलेला. खरे ह्युएन त्संग यांनी प्रज्ञापारमिता हृदयसूत्र चिनीत आणलं, 'रूप हेच शून्य' सांगणारं. कादंबरीत ते सूत्र पाठ करतो भिक्षू, पण वाटेत घाबरला की त्याचा अर्थ त्याला आठवून देतो वूकोंग. गुरू मंत्राने माकडाचं डोकं आवळतो आणि माकड सूत्राने गुरूचं मन सैल करतं.

चिमणी_पुण्याची

कोरा_कागद, तुमचं शेवटचं वाक्य वाचून माझं कड्याबद्दलचं मत थोडं हललं. थोडंच.

पण मग शेवट काय? कडं कोण काढतं?

नागपूरकर_भन्ते_नव्हे

तेच सांगायला आज परत आलो.

चौदा वर्षं चालून ते बुद्धापाशी पोचतात. बुद्धाचे शिष्य आनंद आणि काश्यप नजराणा मागतात, यांच्याकडे द्यायला काही नसतं, म्हणून कोरे ग्रंथ हातात पडतात! वूकोंग बुद्धापुढे जाऊन तावातावाने तक्रार करतो. बुद्ध हसून म्हणतो, ग्रंथ फुकट देता येत नाहीत, आणि खरं तर अक्षरं नसलेले तेच खरे ग्रंथ, पण तुमच्या लोकांना ते वाचता येणार नाहीत. शेवटी भिक्षूला राजाने दिलेलं सोन्याचं भिक्षापात्र द्यावं लागतं. ही जागा वाचून मी पोट धरून हसलो होतो. कुठल्याही धर्माचा लेखक आपल्याच देवाच्या दारी असं लिहायला धजेल का?

मग शंभरावं प्रकरण. सगळ्यांना पदव्या मिळतात. वूकोंग 'विजयी योद्धा बुद्ध' होतो. तो गुरूला म्हणतो, आता मीही तुमच्यासारखाच बुद्ध झालो, तो मंत्र उलटा म्हणा आणि हे कडं काढा, मी फोडून चुरा करतो, पुन्हा कुणाला घालता येऊ नये म्हणून. गुरू म्हणतो, तुला आवरायला होतं ते. आता बुद्ध झालास, आपोआप गेलं असेल. डोक्याला हात लावून बघ.

वूकोंग हात वर नेतो. तिथे काहीच नसतं.

कधी गेलं, त्यालाही कळलेलं नाही. कुणी काढलंच नाही, चिमणीताई.

चिमणी_पुण्याची

...

आज वर्गात सांगते.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री झोपताना मुलाला नागपूरकरांनी लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो पांघरुणात गप्प झाला. मग हात डोक्याकडे गेला, केसांतून फिरवला आणि म्हणाला, "मग चौदा वर्षांत कुठल्या दिवशी गेलं असेल?" मला उत्तर देता आलं नाही.

शनिवारी १९८६ च्या मालिकेचा पहिला भाग लावला. झांजदादांनी सांगितलं होतं तसे तिघंही डोळेच बघत होतो. शिळा फुटली, माकड बाहेर आलं, त्याने पहिल्यांदा आभाळाकडे पाहिलं, आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाई गं, हा नट आहे?" दुसरा भाग उद्या. कुणाला मराठी किंवा हिंदी उपशीर्षकं कुठे मिळतात ठाऊक असेल तर सांगा, मी इंग्रजीवरून बोलून दाखवते आहे आणि तलवारबाजी सुरू झाली की मागे पडते.

झांज_आणि_मृदंग

ताई, लढाईला उपशीर्षकं लागत नाहीत. थाळीचे ठोके ऐका, प्रत्येक वाराला एक आहे. मुलाला मोजायला सांगा.